एका वारेवर दोघं

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला गाडी कऱ्हाडच्या बाहेर पडली तेव्हा वृषालीने एकच अट घातली होती. वाटेत धरण दाखवायचं नाही.

"रस्ताच कोयनेवरून जातो," इंद्रजित म्हणाला.

"मी डोळे मिटून घेईन. तू गाडी थांबवू नकोस म्हणजे झालं. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत तू मला तीन दरवाजे आणि एक सांडवा दाखवलास. माझ्या मैत्रिणी काश्मीरचे फोटो टाकत होत्या आणि मी पाण्याची पातळी वाचत होते."

"बरोबर वाचली होतीस पण."

"गप्प बस आणि पुढे बघ."

इंद्रजित कणसे कालवा निरीक्षक होता. गेली अकरा वर्षं त्याचं काम एकच, पाणी वाटणं. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं असतात त्यांना न मागता मिळतं. शेवटी, ज्याला सगळे टेल म्हणतात तिथे, फोन करून, भांडून, कधी चारीवर, शेतात पाणी नेणाऱ्या पाटावर, रात्र काढूनही पोचेल याचा भरवसा नसतो. आपल्या हद्दीतल्या टेलला पाणी पोचवणारा माणूस म्हणून त्याचं खात्यात नाव होतं. गुहागर वृषालीने निवडलं होतं. समुद्राचं पाणी कोणी मागायला येत नाही, हे तिचं कारण.

ही त्यांची दोघांची शेवटची सहल. पुढच्या आठवड्यात वृषालीला सव्विसावा आठवडा लागणार होता आणि त्या दिवसापासून बाळंतपण होईपर्यंत तिने दवाखान्यातच राहायचं होतं. पोटात जुळी होती. पाळणे दोन हवेत, दुपटी चोवीस, अशी यादी तयार होती, पण जन्माआधी घरात काही आणायचं नाही असं इंद्रजितच्या आईने बजावल्यामुळे ती यादीच राहिली होती. गाडीच्या मागच्या सीटवर एका निळ्या फाइलमध्ये दोन कागद होते. ते सोमवारी दुपारी बारापर्यंत भरून द्यायचे होते. त्यांच्याबद्दल कुंभार्ली घाट उतरला तरी दोघंही बोलले नाहीत.

वृषालीची बाळं एकाच वारेवर होती. वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळासाठी लागेल ते ओढून घेणारा अवयव. बहुतेक जुळ्यांना आपापली वार असते. काहींना दोघांत मिळून एक असते आणि मग दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यात एकमेकींना जोडल्या जातात. अशा दहा-पंधरा जोड्यांतल्या एक-दोन जोड्यांत रक्त एका बाजूला झुकतं. एक बाळ देत राहतं आणि सुकतं, दुसरं घेत राहतं आणि त्याचं हृदय थकतं. पूर्वी यावर एकच उपाय होता, लेझरने जोडवाहिन्या जाळून टाकणं. त्यात दोन्ही बाळं वाचतीलच याची खात्री नसे.

नव्या पद्धतीत वाहिन्या जाळत नाहीत. विसाव्या आठवड्यात त्यांच्यात मऊ जेलच्या झडपा बसवतात, मोहरीच्या दाण्याहून लहान. आईच्या पोटाभोवती एक रुंद पट्टा असतो. तो ध्वनिलहरींनी दोन्ही बाळांचे ठोके आणि रक्ताचा प्रवाह मोजतो आणि चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त करून झडपा आवळतो किंवा सैल करतो. हे मिनिटागणिक चालू असतं. आईने कूस बदलली की पट्टा थोडा सरकतो, मोजमाप चुकतं. म्हणून घरातल्या एका माणसाला दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्याच्या फोनवर दुरुस्तीची किल्ली दिली जाते. तिने मोजमापाचं शून्य दिवसाला चार अंश सरकवता येतं, त्याहून जास्त नाही. वृषालीच्या घरी ती किल्ली इंद्रजितकडे होती. प्रशिक्षणात तो पहिला आला होता. डॉ. निलोफर मुजावर म्हणाल्या होत्या, "तुम्हाला शिकवावं लागलंच नाही."

कायद्याने लिंग सांगता येत नाही, म्हणून यंत्र बाळांना अ आणि ब म्हणे. ही दोघं त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणत. थोरलं उजवीकडे, सातशे ऐंशी ग्रॅम. धाकटं डावीकडे, पाचशे नव्वद.

आणि ते कागद. सव्विसाव्या आठवड्यानंतर बाळं वाढतात, वार तेवढी वाढत नाही. कधीतरी असे काही तास येतील की दोघांना पुरेल इतकं तिच्यातून येणार नाही. तेव्हा यंत्राने काय करायचं हे आधी सांगून ठेवावं लागतं. डॉक्टरांनी ते ठरवायला नकार दिला होता, आणि कायद्याने ते आईबापांवर टाकलं होतं. पत्रकात तीन चौकोन होते. दोघांना सारखं. अशक्ताला आधी. सशक्ताला आधी. आईबापांनी आपापला कागद वेगळा भरायचा आणि शब्द जुळले नाहीत तर दवाखान्याचा नियम लागणार, सशक्ताला आधी, कारण त्यात निदान एक बाळ हाती लागण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते.

पालशेतच्या अलीकडे शैलाताई आरेकर यांचं घर होतं. दोन खोल्या त्या पाहुण्यांना देत. वृषाली गाडीतून उतरली तशा त्या तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "फोनवर म्हणालात दोन माणसं. ही तर चार आली."

"पोटातल्या दोघांचं भाडं नाही ना लावणार?" इंद्रजित म्हणाला.

"जेवणाचं लावीन. बस गो बाय, पाय वर घेऊन बस. आणि हा पट्टा कसला? कंबर धरते काय?"

"दोघांना सारखं मिळतंय का बघतो तो," वृषालीने सांगितलं.

शैलाताईंनी घावण्यांचं ताट तिच्यासमोर ठेवलं. "माझी तीन आहेत. मला अजून जमलेलं नाही. थोरला अजून बोलून दाखवतो, आणि तो बावन्नचा आहे."

शनिवारी दुपारी सुरूच्या सावलीत बसून त्यांनी फाइल उघडली. वृषाली शाळेत खेळ शिकवायची. कोणताही कागद ती पेन्सिलीने आधी भरून बघे. तिने पेन्सिलीने पहिल्या चौकोनावर टिंब ठेवलं.

"सारखं," ती म्हणाली.

"सारखं म्हणजे काय ते बघ ना. धाकटं आधीच मागे आहे. मागच्याला आणि पुढच्याला सारखं दिलं तर मागचा मागेच राहतो."

"म्हणजे तू अशक्ताला आधी लिहिणार."

"अकरा वर्षं तेच करतोय मी. तोंडाशी बसलेला कसाही भागवून घेतो."

वृषाली थोडा वेळ ओल्या वाळूवर धावणाऱ्या खेकड्यांकडे बघत राहिली. तिची धाकटी बहीण मनाली हृदयाला छिद्र घेऊन जन्मली होती. आता ती पुण्यात नोकरी करते, डोंगर चढते. पण घरातली पंधरा वर्षं तिच्या औषधांनी, तपासण्यांनी आणि ऑपरेशनांनी भरलेली होती. वृषालीची राज्याच्या कबड्डी शिबिरात निवड झाली त्या आठवड्यात मनालीचं दुसरं ऑपरेशन होतं. शिबिराला सोडायला कोणी रिकामं नव्हतं. आई म्हणाली होती, तू समजूतदार आहेस. हे इंद्रजितला माहीत होतं. लग्नाआधीच तिने सांगितलं होतं, हसत.

"मनाली वाचली याचं मला वाईट वाटतं असं नाही," ती म्हणाली. "पण माझ्या पोटातल्या बाळाला जन्माच्या आधीच समजूतदार व्हायला लावणार नाही मी."

"आणि सारखं लिहिलं आणि दोघांनाही कमी पडलं तर?"

तिने टिंब खोडून टाकलं आणि फाइल मिटली.

रविवारी सकाळी पडवीत चहा घेताना वृषाली उजव्या कुशीवर हात ठेवून बसली होती. कप तसाच होता.

"थोरलं कालपासून नीट हललं नाहीये," ती म्हणाली. "रोज चहा घेतला की लाथ मारतं. काल संध्याकाळी नाही, आज नाही."

इंद्रजितने फोन उघडला. निळी रेघ थोरल्याची, पिवळी धाकट्याची. दोन्ही पडद्यावरच्या हिरव्या मर्यादेच्या आत. "रेघ ठीक आहे."

"मी रेघेला विचारत नाहीये."

त्याने परत बघितलं. आणि या वेळी त्याने रेघ नाही, ती ज्या शून्यावर उभी होती ते शून्य बघितलं. प्रवाहाच्या खुणा त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शून्य सरकलेलं होतं. किती सरकलंय हे त्याने मोजलं, आणि आकडा छत्तीस आला तेव्हा त्याला तो ओळखीचा वाटला. नऊ दिवस. रोजचे चार.

पाच तारखेपासून तो सकाळी उठल्यावर चार अंश धाकट्याकडे वळवत होता. पट्टा सरकला नव्हता. पण टेलच्या मोजपट्टीवर कधी विश्वास ठेवायचा नाही हे तो कामात शिकला होता. तिथे मोजपट्टी बरोबर दाखवते आणि तरी शेतात कमी पोचतं, कारण मधे झिरपतं, चोरी होते, गवत माजतं. म्हणून ठरल्याहून थोडं जास्त सोडायचं. चार अंश म्हणजे असं कितीसं. आणि दिवस संपला की ते संपतात, असं त्याने धरलं होतं. कालव्यावर तसंच असतं. दरवाजा पाडला की झालं. यंत्राने मात्र प्रत्येक दुरुस्ती खरी मानली, पट्टा कायमचा सरकलाय असं समजून तिथून पुढे मोजायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी चार.

उलटं फिरवायचं तर आज चारच अंश मागे येणार होते. उद्या चार. नऊ दिवस लागतील आणि कोणाला कळणारही नाही. हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो किती वेळ तिथे राहिला हे तो पुढे कधी नक्की सांगू शकला नाही. वृषालीचा हात अजून उजव्या कुशीवर होता.

"वृषाली, मी केलंय ते," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं.

तो थांबला तेव्हा ती म्हणाली, "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते. माझं पोट म्हणजे तुझ्या हद्दीतली चारी आहे का?"

"धाकट्याला कमी पडत होतं, मला दिसत होतं ते."

"आणि थोरल्याचं?"

"त्याचं भागत होतं."

"माझंही भागत होतं, इंद्रजित," वृषाली म्हणाली. "फोन लाव डॉक्टरांना."

डॉ. मुजावर स्वयंपाकघरात होत्या. फोनच्या पडद्यावर मागे फोडणीचा धूर दिसत होता. यंत्राची नोंद त्यांनी तिथेच उघडली आणि गॅस बंद केला.

"नऊ दिवस?"

"हो."

"कणसे, हे पट्टा सरकला तर वापरायचं होतं."

"मला वाटलं थोडं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मी नंतर ऐकीन. वृषाली, डाव्या कुशीवर झोप. चक्कर, कळ, पाणी जाणं, काही? नाही? बरं. थोरल्याच्या अंगात रक्त कमी पडायला लागलंय, म्हणून ते हालचाल वाचवतंय. ठोके अजून चांगले आहेत. एकदम मागे फिरवलं तर दोघांनाही धक्का बसेल. मी इथून तासाला सहा अंश मागे घेते. सहा तास लागतील. ठोके एकशे ऐंशीच्या वर किंवा एकशे दहाच्या खाली गेले की चिपळूणच्या दवाखान्यात. तिथे कळवून ठेवते. आणि कणसे, तुमची किल्ली मी बंद केली."

"हो."

"चिडून नाही केली. जरूर आहे म्हणून केली."

फोनवरचं दुरुस्तीचं बटण करडं झालं. नऊ वाजायला पाच मिनिटं होती.

शैलाताईंना त्याने थोडक्यात सांगितलं. त्या आत जाऊन पेज घेऊन आल्या, वृषालीच्या उशाशी ठेवली, आणि बाहेर जाताना इंद्रजितला म्हणाल्या, "तू पण खा. उपाशी बसून काय होणार आहे."

दर तासाला शून्य सहा अंश मागे येत होतं. इंद्रजित खुर्चीवर बसून थोरल्याचे ठोके वाचत होता. एकशे बासष्ट. एकशे पासष्ट. एकशे एकोणसाठ. एरवी तो काही ना काही करू शकला असता. कुलूप उघडलं असतं, दरवाजा उचलला असता, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला दम दिला असता. आता फक्त वाचायचं होतं.

अकराच्या सुमारास वृषाली भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "पत्रकाचं काय करायचं?"

"मी काही लिहिणार नाही. ज्याची जमीन त्याच कालव्यावर भिजते त्याच्याकडे दरवाजाची किल्ली ठेवत नाहीत आमच्यात. मला माझ्या गावाच्या कालव्यावर कधी नेमलं नाही ते त्यासाठीच."

"तू लिहिलं नाहीस तर दवाखान्याचा नियम लागेल. सशक्ताला आधी. म्हणजे ते तू लिहिल्यासारखंच झालं."

त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"रागावले आहे मी," ती म्हणाली, "आणि बराच काळ राहणार आहे. पण उद्या बारापर्यंत ते बाजूला ठेवायला लागेल. मला एक सांग. उन्हाळ्यात धरणात पाणी कमी असतं. तेव्हा तुम्ही काय करता? सारखं वाटता?"

"सारखं वाटलं तर कोणालाच मिळत नाही. सगळी दारं थोडी थोडी उघडी ठेवली की पाणी चारीतच जिरतं. पिकाच्या मुळाशी कोणाच्याच जात नाही."

"मग टेलला सगळं देता?"

"नाही. तसं केलं तर तोंडाकडचे मरतील. शेजपाळी लावतो. ठरलेले तास एकाला पूर्ण पाणी, तेव्हा दुसऱ्याचं बंद. मग दुसऱ्याला पूर्ण. पीक काही दिवस कोरडं राहू शकतं, थोडं थोडं ओलं राहून जगू शकत नाही."

वृषालीने हळूहळू मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"बाळ किती वेळ कोरडं राहू शकतं?" तिने विचारलं.

बारा वाजता डॉक्टरांचा फोन आला तेव्हा तिने तोच प्रश्न त्यांना विचारला आणि मग इंद्रजितला सगळं परत सांगायला लावलं. डॉ. मुजावरांनी दोनदा मधे थांबवून मिनिटं विचारली.

"झडपा तेवढ्या वेगाने चालतात," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि बाळ थोडा वेळ तग धरतंच. प्रसूतीच्या प्रत्येक कळेत रक्त कमी होतं, कळ गेली की परत येतं. एवढ्या लहान बाळांना किती मिनिटं झेपेल ते मला माहीत नाही. असं आजवर कोणी केलेलं माझ्या वाचनात नाही. मी हो म्हणत नाहीये, समजलं ना? समितीपुढे ठेवावं लागेल, आणि ते नाहीही म्हणतील."

"ठेवाल?" वृषाली म्हणाली.

"ठेवीन. पत्रकात खाली 'इतर' म्हणून रेघ आहे. बहुतेक जण ती कोरी सोडतात. तिथे लिहा. दोन्ही कागदांवर शब्द तेच हवेत. आणि कोणापासून सुरू करायचं ते लिहा. यंत्राला सुरुवात लागते."

पावणेतीनला थोरल्याने लाथ मारली. वृषालीने डोळे मिटले. पट्ट्याने ती लाथ टिपली आणि फोनवर निळ्या रेघेने छोटी उडी घेतली. थोड्या वेळाने आणखी एक. तीन वाजता शून्य आपल्या जागी आलं. डॉक्टरांचा संदेश होता: ठोके एकशे एकावन्न, निघायला हरकत नाही, सकाळी निघा, सावकाश.

संध्याकाळी चारला ती उशीला टेकून बसली. इंद्रजितने फाइल आणली. पहिला कागद त्याने घेतला, मांडीवर ठेवला आणि खालच्या रेघेवर लिहायला लागला. सरकारी अक्षर, एकेक शब्द सुटा. कमी पडेल तेव्हा फेरपाळीने द्यावे. एकाला पूर्ण, मग दुसऱ्याला पूर्ण. मिनिटे डॉक्टरांनी ठरवावी. फेरपाळी मधेच तुटली तर जिथे तुटली तिथून पुढे चालू करावी. मग तो थांबला, आणि लिहिलं: सुरुवात थोरल्यापासून.

वृषालीने वाकून वाचलं. "तुमच्यात टेलपासून सुरू करतात ना?"

"करतात. पण एखाद्याचं पाणी कोणी मधेच तोडलं असेल तर पुढची पाळी त्याच्यापासून लागते. तोही नियमच आहे."

"आणि कोणी तोडलं, ते लिहितात?"

"लिहितात. नाव आणि तारखा."

"मग लिही."

त्याने लिहिलं. इंद्रजित कणसे. फेब्रुवारी पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. दर दिवशी चार अंश, थोरल्याकडून धाकट्याकडे, आईला न विचारता. रेघ संपली होती, म्हणून शेवटचे शब्द समासात गेले.

वृषालीने दुसरा कागद घेतला. शब्द तेच हवे होते. पेन्सिल न घेता तिने थेट पेनाने सुरुवात केली आणि त्याच्या कागदावरचं सगळं, फेरपाळी, मिनिटं, थोरल्यापासून सुरुवात, आणि खाली त्याचं नाव, आपल्या अक्षरात उतरवून काढलं. समासातले शब्दसुद्धा समासातच लिहिले. मग दोन्ही कागद त्याच्यापुढे केले.

"ताडून बघ. आणि मोठ्याने वाच," ती म्हणाली. "या महिन्यात बाळांना बाहेरचं ऐकू यायला लागतं म्हणतात."

तो वाचू लागला. स्वतःच्या नावापर्यंत त्याचा आवाज कार्यालयात वाचतात तसा सपाट होता. तारखा सुरू झाल्या तसा तो हळू झाला, आणि आठवर येऊन थांबला. वृषालीने वाट पाहिली. तो पुढे वाचत नाही असं दिसल्यावर तिने कागदावर नऊवर बोट ठेवलं आणि तिथेच धरून राहिली.